खाजणातली लिफ्ट

मोटार जमिनीवरून उचलली जाते आणि माणूस तिच्याखाली ताठ उभा राहू शकतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं ते रोह्याच्या पुलापलीकडे, अष्टमी गावात. तोवर गाडीला पोट असतं हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

मी पेणला वाचनालयात ग्रंथपाल होतो. मला गाडी चालवता येत नाही, यंत्रांतलं काही कळत नाही. तरीही घरच्या गॅरेजसाठी कुठली लिफ्ट घ्यायची हे ठरवायला माझा मुलगा हितेश मला बरोबर घेऊन गेला. "तुम्ही वाचता अण्णा," तो म्हणाला. "ती माहितीपत्रकं वाचून काय ते मला सांगा. माझं डोकं उठतं."

हितेशचं गॅरेज आमच्या घराला लागूनच आहे. डोलवीला कंपनीत कंत्राटावर जाणाऱ्यांच्या गाड्या तिथे दुरुस्तीला येतात. वर्षानुवर्षं जमिनीला पाठ लावून गाडीखाली सरपटत काम केल्याने त्याच्या कण्यातली एक चकती सरकली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गाडीखाली झोपणं कायमचं बंद. उभं राहून जमत असेल तर करा, नाहीतर दुसरं काम बघा. दुसरं काम तयारच होतं. एका ठेकेदाराने त्याला डोलवीत वजनकाट्यावर बसायची जागा देऊ केली होती. ट्रक येणार, हा खुर्चीत बसून आकडा लिहिणार. शाळेत असल्यापासून जो मुलगा हाताला तेल लागल्याशिवाय नीट जेवला नाही, त्याला काट्याच्या खोलीत बसवायचं, या विचाराने मला घास जात नव्हता. लिफ्ट बसली तर गॅरेज राहणार होतं, नाहीतर काटा. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं, म्हणूनच त्यावर कोणी बोलत नव्हतं.

अष्टमीत सुशील नावाच्या तरुणाचा लिफ्ट विकण्याचा धंदा आहे. उंच पत्र्याची शेड, आत दोन निळे लोखंडी खांब, आणि त्यांच्यामध्ये एक पांढरी गाडी. खांबांना दोन-दोन हात होते. सुशीलने ते हात गाडीच्या खाली सरकवले, टोकाचे रबर जागेवर बसलेत का ते वाकून पाहिलं आणि बटण दाबलं. घरघर सुरू झाली. गाडी जराशी शहारली. मग चारही चाकं एकदम सैल पडली, झोपलेल्या मांजरीला उचलल्यावर तिचे पाय लोंबतात तशी, आणि गाडी वर जाऊ लागली. मधूनमधून खांबाच्या आत खट् खट् असा आवाज होई. माझ्या कमरेला आली, छातीला आली, डोक्यावर गेली, थांबली.

हितेश तिच्याखाली गेला. देवळाच्या गाभाऱ्यात शिरताना माणूस आपोआप हळू होतो, तसा. मान वर करून तो बराच वेळ नुसता पाहत राहिला.

"काका, या की," सुशील मला म्हणाला. "घाबरू नका, ती खाली येत नाही. आलीच तर आधी मला विचारते."

"मी इथूनच बघतो," मी म्हटलं.

"अण्णा लायब्ररीत शिडीवर पण चढत नव्हते," बरोबर आलेली माझी सून मृणाली हसली. "वरच्या फळीवरचं पुस्तक मागितलं की म्हणायचे, ते कोणीतरी नेलंय."

हे खरं होतं. पण मला भीती जितकी वाटत होती त्याहून जास्त आश्चर्य वाटत होतं. एवढं जड लोखंड दोन खांबांनी काखेत धरावं आणि त्याखाली एका माणसाने निवांत कमरेवर हात ठेवून उभं राहावं, हे कुणाच्या डोक्यात पहिल्यांदा आलं असेल?

कोपऱ्यात दुसरी एक लिफ्ट होती. तिला चार खांब होते आणि मध्ये गाडीची चाकं चढवायला दोन लांब लोखंडी पट्ट्या. हितेशने तिच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. "ती बंगलेवाल्यांची," तो म्हणाला. "एक गाडी वर, एक खाली. आपल्याला दोन खांबीच पायजे. चाकं मोकळी राहतात."

"कोबा कसा आहे तुमचा?" सुशीलने विचारलं.

"एकदम दगड. आत्याने स्वतः उभं राहून घालून घेतलाय," हितेश म्हणाला.

सुशीलने खांब बसवण्याच्या सूचनांची पुस्तिका माझ्या हातात दिली. परतताना मी मागच्या सीटवर बसून ती वाचत होतो. पुढे ती दोघं रंगात आली होती. गॅरेजला नवीन पाटी कशी करायची, निळी की लाल, यावर भांडत होती. नागोठणं मागे पडलं तेव्हा मी एका ओळीपाशी थांबलो. दोन खांबी लिफ्ट सगळा भार घेऊन जमिनीत रोवलेल्या बोल्टांना उपटायला बघते. म्हणून खांब उभे करण्याआधी जमिनीला भोक पाडून आत काय आहे ते पाहावं, असं तिथे लिहिलं होतं. मी ते पुन्हा वाचलं. सांगावं का? पण त्यांचा आनंद पाहून मी पुस्तिका मिटली. मला कळलेलं बरोबरच असेल याचीही खात्री नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मात्र मी म्हटलं, "एक भोक पाडून बघू या का?"

"कशाला?"

"असं लिहिलंय."

"अण्णा, उद्या भाकरीला पण भोक पाडून बघाल, आत भाकरीच आहे का म्हणून." पण हितेशने ड्रिल आणलं. बापाचा हट्ट म्हणून असेल. खडूने खांबाच्या जागेवर फुली मारली, गुडघ्यावर बसवत नव्हतं म्हणून स्टूल घेतलं आणि भोक पाडायला लागला.

आधी करडी पूड आली. मग एकाएकी ड्रिल आत गपकन घुसलं, जसं चाकू पिकल्या पपईत घुसतो. हितेशने ते बाहेर ओढलं. पात्याच्या पिळाला सोनेरी तपकिरी काहीतरी गुंडाळून आलं होतं. त्याने ते बोटावर घेतलं.

भाताचं तूस होतं.

माझी थोरली बहीण कृष्णाबाई दाराशी उभी होती. तिला घरात मुलं आत्या म्हणतात, मी बाय म्हणतो. ती पुढे आली, वाकून तूस चिमटीत घेतलं आणि बोटांनी चुरडलं.

"बघ जनू," ती मला म्हणाली, "अजून सुकं खणखणीत हाय. सांगितलेलं ना मी?"

तिला त्यात कौतुकच वाटत होतं, आणि तिच्या परीने ते बरोबर होतं. आमचं घर आहे ती जागा म्हणजे बुजवलेलं मिठागर. बायने तरुणपणी तिथेच मीठ ओढलं. वर मुरूम टाकला, घरं झाली, पण खालचं खारं पाणी अजून वर चढतं आणि जमिनी फोडतं. म्हणून आमच्याकडे कोब्याखाली तुसाचा जाड थर घालतात. ओल तिथेच अडते. गॅरेजचा कोबा घातला तेव्हा हितेश बाहेरच्या कामावर होता आणि मी पुस्तकात. बायने तूस घातलं, गवंडी आमच्याच वाडीतला, त्यानेही तेच केलं असतं. कोणी कोणाला विचारायचा प्रश्नच नव्हता.

"आत्ये," हितेश हळू म्हणाला, "म्हणजे माझा कोबा गादीवर झोपलाय."

"मग? गादीवर झोपलेलं वाईट काय? तुला डॉक्टरनी कडक जागा सांगितलीय, कोब्याला नाय."

कोणी हसलं नाही. ती मग माझ्याकडे पाहू लागली.

हितेश मात्र लगेच हरला नाही. खांबांच्या जागेपुरतं फोडून खोल पाया घेऊ, म्हणाला. शेजारच्या हिरामणने खोदायला सुरुवात केली. कोबा निघाला, तूस निघालं, मुरूम निघाला, आणि त्याखाली काळा, गुळगुळीत चिखल लागला. खड्डा हिरामणच्या मांडीएवढा खोल झाल्यावर तो चहाला वर आला. आम्ही चहा पीत असताना खड्ड्याच्या तळाशी काहीतरी चमकलं.

पाणी होतं. ते कुठून वाहत आलं नव्हतं, चारी बाजूंच्या चिखलातून नुसतं पाझरत होतं. आमच्या डोळ्यांदेखत ते वीतभर चढलं.

"भरती लागली," बाय म्हणाली.

मी काठाशी बसलो. खाडी आमच्या घरापासून बरीच लांब आहे. मध्ये बांध आहे, रस्ता आहे, शाळा आहे. तरी तिथे चंद्राने पाणी ओढलं की इथे माझ्या मुलाच्या गॅरेजखाली, पान्यांच्या कपाटाशेजारी, तेच पाणी उठत होतं. इतकी वर्षं आम्ही त्याच्यावर झोपत होतो, जेवत होतो, मी त्याच्यावर खुर्ची टाकून वाचत होतो. थोड्या वेळाने चिखलाच्या भिंतीतून नखाएवढा एक खेकडा बाहेर आला, उजेड पाहून थबकला आणि पुन्हा आत गेला. जग किती खोलवर जागं असतं.

हितेशने पण ते पाहिलं. खांब धरून ठेवायला खाली जमीनच नव्हती. तो उठला. दुपारी ओहोटीला पाणी उतरलं तेव्हा तो कपाटापाशी उभा राहून पाने एकेक करून तेलाच्या फडक्यात गुंडाळत होता. "सोमवारी ठेकेदाराला फोन करतो," एवढंच म्हणाला.

स्वयंपाकघरात मृणाली भांडी जरा जोरातच घासत होती. मी पाणी प्यायला गेलो.

"अण्णा, तुम्ही तरी बोला काहीतरी."

"मी काय बोलू? मला त्यातलं काय कळतं?"

"मग एवढी पुस्तिका घेऊन बसलात ती वाचलीत की नुसती पानं उलटलीत?"

तिचा हेतू टोचायचाच होता आणि ते टोचलं. कारण मी वाचली होती. शेवटच्या पानांवर त्या दुसऱ्या, चार खांबी लिफ्टची माहिती होती. तीही वाचली होती. मला वाटत होतं की मला काहीतरी समजलंय. पण मला वाटतं ते बहुतेक वेळा चुकतं, आणि इथे चुकलं असतं तर गाडीखाली माझा मुलगा उभा असणार होता.

दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता मी एस.टी.ने रोह्याला गेलो. अष्टमीत उतरलो आणि सुशीलच्या शेडसमोरच्या टपरीवर जाऊन बसलो. शेडमध्ये कोणी गिऱ्हाईक होतं. ते गेलं तरी मला उठवेना. शेवटी सुशीलच रस्ता ओलांडून आला.

"काका, चहा घ्यायला पेणहून एवढ्या लांब?"

मी सगळं सांगितलं. तूस, खड्डा, पाणी, खेकडासुद्धा. तो हसला नाही. मला आत घेऊन गेला आणि चार खांबी लिफ्टवर आपलीच गाडी चढवली. पट्ट्यांवर चाकं टेकलेली असल्याने गाडी जमिनीवर उभी असावी तशीच शांतपणे वर गेली.

"आता या खाली," तो म्हणाला.

या वेळी गेलो. चार पावलं असतील, पण पायांना ती फार लांब वाटली. डोक्यावर गाडीचं सगळं जग उघडं होतं. नळ्या, तारा, सळया, वाळलेला चिखल, कुठल्याशा शेतातून आलेली गवताची काडी. इतकी गुंतागुंत, आणि प्रत्येक गोष्ट कशाला तरी जोडलेली. रोज रस्त्यावरून शेकडो गाड्या माझ्या शेजारून गेल्या होत्या, त्यातल्या प्रत्येकीखाली हे होतं. एखाद्या लिपीतलं पुस्तक आपल्याला वाचता येत नाही, पण ते पुस्तक आहे एवढं कळतं, तसं मला झालं.

"ही बोल्टांवर लटकत नाही ना?" मी विचारलं. ऐकू गेलं नसावं म्हणून पुन्हा विचारलं.

"नाही. चार पायांवर सरळ उभी राहते, वजन सरळ खाली. बोल्ट फक्त सरकू नये म्हणून. पण काका, तूस काढावं लागेल. आणि सळयांची जाळी घालून सगळीकडे एकसंध जाड स्लॅब टाका, तुकडे नकोत. तुमच्या इंजिनिअरला दाखवून घ्या."

मला समजलं होतं ते बरोबर होतं. मी त्याला तीनदा तेच विचारलं आणि त्याने तीनदा तेच सांगितलं. निघताना त्याने चाकं उचलायचा जॅकही दाखवला.

घरी आलो तर हितेश ओसरीवर बसला होता. मी त्याच्यासमोर उभा राहिलो. असं मी कधी करत नाही.

"चार खांबी घ्यायची," मी म्हटलं.

"अण्णा, नको आता. चाकं अडकतात त्यात."

"पट्ट्यांच्या मधे बसणारा जॅक मिळतो, चाकं त्याने उचलायची. तो मी पाहून आलो."

"कुठे पाहून आलात?"

"अष्टमीत."

त्याने मान वर केली. मृणाली दारात आली.

"ऐक," मी म्हटलं, आणि माझा आवाज चढला तसा मीच दचकलो. "दोन खांब म्हणजे चिखलात बांबू रोवून त्याच्यावर बोजा टांगायचा. कितीही खोल रोव, तो कलणार. म्हैस बघ. खाजणातल्या चिखलात दिवसभर उभी असते. तिचे पाय काय कोणी बोल्टने आवळलेत?"

मग आतून बायचं हसणं ऐकू आलं. "म्हशीवर गाडी चढवतोय जनू. वाचून वाचून शेवटी इथं आला."

हितेशच्या ओठाचा एक कोपरा हलला. "जॅकचा फोटो काढलात का?"

"मला फोनमध्ये फोटो काढता येत नाही."

"ठीक. उद्या मी जातो. तुम्ही चला बरोबर."

इंजिनिअर येऊन जागा पाहून गेला आणि त्याने सुशीलचंच म्हणणं धरलं. मग कोबा सगळा फोडला. तूस पोती भरभरून निघालं. बाय ते पाहायला आली नाही. ओलीसाठी खाली जाड प्लास्टिक घालणार, हे ऐकून ती म्हणाली, "प्लास्टिक काय तुसासारखं टिकंल?" पण नवा मुरूम पसरला तेव्हा तीच पदर खोचून पुढे झाली. नुसती ठोकायची धुमशी मारून भागणार नाही, म्हणाली. मिठाचा कोंडा, म्हणजे मीठ पिकवायचा वाफा, तयार करताना माणसं एका रांगेत, पावलाला पाऊल लावून चिखल तुडवतात. तशी तिने हिरामणला, मृणालीला, शेजारच्या बायकांना रांगेत उभं केलं आणि मुरूम पाणी शिंपडून तुडवून घेतला. मीही एका टोकाला होतो. माझी लय सारखी चुकत होती. "जनू, पाय हाय की पुस्तक? टेकव की," असं ती ओरडायची. धुमशी त्यानंतर फिरली. मग जाळी, मग स्लॅब.

स्लॅब पक्का झाल्यावर सुशीलची माणसं येऊन लिफ्ट उभी करून गेली. पहिली गाडी चढवायचा दिवस मात्र बायने ठरवला. अमावास्येची दुपार. त्या वेळी उधाण असतं, महिन्याभरात खालचं पाणी जेवढा जोर करू शकतं तेवढा करतं. "तवा नाय हलली तर कवाच नाय हलायची," ती म्हणाली. हितेशने नारळ फोडला. बायने प्रत्येक खांबाच्या पायथ्याशी चिमूटभर मीठ ठेवलं. आमच्या घरात नव्या कामाला मीठ ठेवतात. ती वळल्यावर हितेशने फडक्याने ते गुपचूप पुसून घेतलं, कारण मीठ लोखंड खातं. मी पाहिलं, तिनेही पाहिलं.

मग बायने स्लॅबवर पाणी ओतायला लावलं. बादल्यांनी, सगळीकडे, कागदाएवढ्या पातळ थराने. कोंडा सपाट आहे की नाही हे मिठागरात पाणीच सांगतं. जमीन एखाद्या कोपऱ्यात बसली तर पाणी आधी तिकडे धावेल.

जुनं गिऱ्हाईक असलेल्या विठूची इको गाडी पट्ट्यांवर चढली. विठू उतरून दारापर्यंत गेला. हितेशने वरचं बटण दाबलं.

घरघर. खट्. खट्. गाडी वर जाऊ लागली आणि मी खाली पाण्याकडे बघत राहिलो. पाण्यावर बारीक शहारे उठले, खांबांभोवती गोल गोल पसरले आणि विरले. कोपऱ्याकडे एक थेंबही सरकला नाही. गाडी डोक्यावर गेली, खांबांच्या आतली कुलपं बसली, आवाज थांबला. पाणी आरशासारखं निवांत झालं.

त्या आरशात गाडीचं पोट उतरलं होतं. नळ्या, सळया, सगळं उलटं, आणि त्याच्या मागे पत्र्याच्या फटीतून आलेला उजेड. स्लॅबच्या खाली त्याच वेळी समुद्र चढत होता, वर लोखंड टांगलं होतं, आणि या दोन्हींच्या मधल्या पाण्यावरून हितेश अनवाणी चालत आत गेला. वाकला नाही. ताठ उभा राहिला, हात वर केला आणि सायलेन्सर चाचपला.

मी एका खांबाला हात लावून उभा होतो. खांब हलतोय का ते बघायला म्हणून लावला होता. आता काढावासा वाटत नव्हता.

"विठू, सायलेन्सर सडलाय रे," हितेश आतून म्हणाला. "आणि हे कोणी वेल्डिंग केलंय? आंधळ्याने?"

"तूच केलेलं, झोपून," विठू म्हणाला.

"मग बरोबर. झोपून असंच दिसतं."

मृणाली फोन घेऊन दाराशी आली. "डोलवीचा ठेकेदार. काट्यावर कधीपासून येणार विचारतोय."

हितेशने वर बघतच हात पुढे केला, पण त्याच्या बोटांवरून काळं तेल ओघळत होतं. त्याने हात मागे घेतला.

"तूच सांग गो," तो म्हणाला. "नाय येत म्हणावं."

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "अण्णा, तो सतराचा पाना द्या की."

कपाटात पाने नीट लावून ठेवलेले होते, त्यांच्यावर आकडे होते, आणि आकडे मला वाचता येतात. मी सतराचा काढला, पाण्यात पाऊल टाकलं आणि त्याच्याजवळ गेलो.